टॉवर दिसता कामा नये, रेंज मात्र फुल पायजे

तर मंडळी, तुमच्या सोसायटीला मोबाइल टॉवरचं भाडं हवंय आणि टॉवर नकोय. लाजू नका, सगळ्यांना हेच हवं असतं. गच्ची गळतेय, लिफ्ट अधूनमधून अडकतेय, मेंटेनन्स वाढवायचा विषय काढला की एजीएममधून लोक चपला शोधायला लागतात, आणि नेमका अशा वेळी कंपनीचा माणूस येऊन महिन्याला चांगलं भाडं देतो म्हणतो. मग तिसऱ्या मजल्यावरचे काका उठतात, खिशातून फोन काढतात, रेडिएशनवरचा एक भलामोठा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात, तो झटक्यात सगळ्यांच्या फोनवर पोचतो आणि टॉवरला तीव्र विरोध नोंदवला जातो. यावर इलाज एकच. टॉवर लावायचा, पण तो टॉवर वाटता कामा नये.

ही विद्या आली अमेरिकेतून. अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनची एक कंपनी होती, प्राणिसंग्रहालयं आणि म्युझियमसाठी खोटे खडक, खोटी झाडं बनवायची, तिने 1992 साली डेन्व्हरमध्ये पाइनच्या झाडाच्या वेषातला टॉवर उभा केला. 1996 साली दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला पामचं झाड झालं. मग काय, वाळवंटात निवडुंग, गावात चर्चचा मनोरा, शाळेसमोर झेंड्याचा खांब, जे मिळेल त्यात अँटेना कोंबायला सुरुवात झाली.

आता तुम्ही म्हणाल की अमेरिकन लोकांना निसर्गाचं फार प्रेम. तसं काही नाहीये हो. 1996 च्या तिकडच्या टेलिकॉम कायद्यात एक मजा आहे, टॉवर जर केंद्राने घालून दिलेल्या रेडिएशनच्या मर्यादेत असेल तर गावाला तब्येतीचं कारण देऊन तो नाकारता येत नाही, पण दिसायला घाण आहे, परिसराची शोभा जाते, अशी हरकत मात्र घेता येते. झालं! ज्यांच्या पोटात रेडिएशनची भीती होती ते सगळे एका रात्रीत सौंदर्याचे भोक्ते झाले आणि कंपन्या म्हणाल्या, कुरूप दिसतो ना, घ्या मग झाड. आमचं अजून तेवढं शिक्षण झालेलं नाही, आम्ही सरळ कॅन्सर म्हणतो.

ते झाड एकदा नीट बघाच, नातेवाईक असतील तिकडे तर फोटो मागवा. खोड एकदम सरळ, शाळेच्या गॅदरिंगमध्ये झाडाचा रोल मिळालेल्या पोरासारखं ताठ. सालीवर खवले कोरलेले, तपकिरी रंग मारलेला. फांद्या थेट वरच्या भागातच सुरू होतात कारण खाली फांद्या लावल्या तर पैसे वाया आणि माणसाला चढायलाही अडचण. अँटेनांना चक्क पानांचे मोजे घालतात, हिरव्या प्लास्टिकच्या सुया लावलेले, मी थट्टा करत नाहीये, खरंच घालतात. आजूबाजूची खरी झाडं याच्या कमरेपर्यंत येतात. बुंध्याशी जाळीचं कुंपण, आत घुंघुं करणारं कपाट, गेटवर कुलूप आणि प्रवेश निषिद्धची पाटी. एवढं सगळं झाल्यावरही येणाराजाणारा म्हणतो की अरे तो बघ तो झाडाचा टॉवर. साधा असता तर मान वर करून कोणी बघितलंसुद्धा नसतं.

आपल्याकडे पाइन चालणार नाही. दादरच्या गच्चीवर पाइन उगवला तर पेपरात फोटो येईल. किनाऱ्यावर नारळ करता येईल, कोकणात तो खपेलही, फक्त एक लक्षात ठेवा की 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं तेव्हा खऱ्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या आणि नेटवर्कही गेलं, मुंबईतल्या चाकरमान्यांना गावी आईवडील कसे आहेत ते कळेना. तेव्हा कोणी असं म्हटलेलं ऐकिवात नाही की बरं झालं, आता वाडीचा व्ह्यू मोकळा झाला. गावाकडचं प्रकरण तसंही उलटं आहे. लॉकडाउनमध्ये पोरं ऑनलाइन शाळेसाठी डोंगरावर चढत होती, त्यांच्या गावात टॉवर आला तर त्याला झाडाची पानं कशाला लावतील, हार घालतील, नारळ फोडतील, उद्घाटनाला आमदारांना बोलावतील.

झाडाचा आणखी एक धोका सांगून ठेवतो. 1975 चा वृक्ष संरक्षणाचा कायदा आहे आपल्याकडे, शहरात झाड तोडायचं तर परवानगी लागते. उद्या भाडं थकलं आणि तुम्ही टॉवर काढायला गेलात की समोरच्या बिल्डिंगमधले पर्यावरणप्रेमी मेणबत्त्या घेऊन खाली उभे. रस्तारुंदीत खराखुरा वड जाईल तेव्हा हे लोक ट्रॅफिकमध्ये अडकलेले असतील, तो भाग वेगळा. आणि टॅक्स चुकवायला झाड करत असाल तर तेही नको, मोबाइल टॉवरवर प्रॉपर्टी टॅक्स लावता येतो असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2016 मध्ये सांगितलं होतं खरं, पण 2023 च्या टेलिकॉम कायद्याने टॉवर जागेच्या प्रॉपर्टी टॅक्समधून वेगळा काढलाय.

गच्चीवर सगळ्यात सोपं सोंग म्हणजे पाण्याची टाकी. फक्त ती फायबरची घ्या, कारण फायबरमधून रेडिओ लहरी आरपार जातात आणि धातू त्यांना अडवतो. एखादा उत्साही सेक्रेटरी स्वस्तात मिळतंय म्हणून पत्र्याचं कव्हर ठोकून देतो आणि मग टॉवर लपतो, सोबत नेटवर्कही लपतं. टाकीचा त्रास एप्रिल-मे मध्ये सुरू होतो. पाणीकपात लागते, टँकर मागवायची वेळ येते आणि कोणीतरी गच्चीवर जाऊन मोजून येतं की आपल्याकडे एक टाकी जास्त आहे, ती का भरत नाही, कमिटी पाणी कोणाला विकते. आता द्या उत्तर.

देवळाचं शिखर हाही पर्याय सुचवणारे भेटतील, तिकडे चर्चवाले करतात म्हणून. करू नका. भाडं सोसायटीला मिळणार नाही, आठवडाभरात ट्रस्ट स्थापन होईल.

त्यापेक्षा आपला देशी उपाय करा, फ्लेक्स. टॉवरला चारी बाजूंनी भाऊंच्या वाढदिवसाचे फ्लेक्स बांधा, वर भाऊ गॉगल लावून, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइज चेहरे. काढायची हिंमत कोणाची होत नाही, पालिकेची तर नाहीच, आणि तीन महिन्यांनी नवरात्राचा, मग दिवाळीचा, आपोआप नवा कोट चढत राहतो. खरं तर हेही करायची गरज नाही. आपल्या गच्चीवर एकदा चढून बघा, सोलर हीटर, बंद पडलेल्या डिश, केबलवाल्याची वेटोळी, कोणाच्या तरी जुन्या पलंगाचा सांगाडा, वाळत घातलेल्या कुरडया. यात टॉवर कोणाला सापडणार.

राहिला भीतीचा मुद्दा. तिथे आकडे काढायचे नाहीत, आकडे काढले की भांडणाची मजा जाते. म्हणजे भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरच्या रेडिएशनची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आणली हे मीटिंगमध्ये बोलू नका. अँटेनाचा मुख्य झोत समोरच्या दिशेला जातो, बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये त्यामानाने कमी येतो, हे तर मुळीच बोलू नका, वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंचा मोठा मुद्दा जातो आणि समोरच्या बिल्डिंगला नवा मुद्दा मिळतो. आणि टॉवर लांब असला, रेंज कमी असली की कानाला लावलेला फोनच जास्त ताकद लावून ओरडतो, हे सांगायला गेलात तर कंपनीने तुम्हाला पैसे चारले असं ठरेल. सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर टॉवरची माहिती बघता येते, फी भरून रेडिएशन मोजूनही घेता येतं. पण मोजलं आणि मर्यादेत निघालं तर एवढा मोठा ग्रुप बनवलाय त्याचं काय करायचं?

बाय द वे, सगळ्यात उत्तम लपवलेला टॉवर तुमच्या फोनवर आधीच आलाय. "अभिनंदन, आपल्या जागेची टॉवरसाठी निवड झाली आहे, लाखांचं डिपॉझिट, दरमहा भाडं, घरातल्या एकाला नोकरी, आधी प्रोसेसिंग फी भरा." सोबत ट्रायच्या, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, लेटरहेडवर एनओसी. ट्राय बिचारी कित्येक वर्षं सांगतेय की आम्ही असली एनओसी देतच नाही, पण भरणारे भरतात. तो टॉवर मात्र शेवटपर्यंत कोणालाही दिसत नाही आणि रेडिएशन शून्य.

इतकं करूनही विरोध थांबला नाही तर टॉवर काढून टाका. पहिला आठवडा पेढे वाटण्यात जाईल. दुसऱ्या आठवड्यात काका गॅलरीच्या कठड्यावरून अर्धे बाहेर वाकून हॅलो हॅलो करताना दिसतील, ओटीपी येईस्तोवर पेमेंट टाइमआउट, जोशीकाकूंची सून वर्क फ्रॉम होमला वॉचमनच्या केबिनमध्ये बसेल आणि दोन हुशार लोक ऑनलाइन बूस्टर मागवतील, जो विनापरवाना लावणं बेकायदेशीर आहे आणि त्याने शेजाऱ्यांची उरलीसुरली रेंजही बिघडते. मग पुढच्या एजीएममध्ये एकमताने ठराव करून कंपनीला पत्र पाठवा, मसुदा मी देतो, सूचक आपले काकाच राहतील: "आमच्या विभागात नेटवर्कची गंभीर समस्या असून रहिवाशांचे अतोनात हाल होत आहेत, तरी आपण त्वरित नवीन टॉवर बसवावा ही विनंती. सदर टॉवर सोसायटीच्या हद्दीबाहेर, परंतु शक्य तितका जवळ असावा."