१४७ किलोंचा लॅब्रॅडॉर

थायलंडला आठ दिवस फिरायला जाणारा माणूस आणि तिथे राहायला जाणारा माणूस यांच्यात, लग्नाला जेवायला आलेला पाहुणा आणि मुलीचा बाप यांच्याइतकं अंतर असतं. पाहुण्याला भूक पुरते. बापाच्या काखेत फाइल असते.

आम्ही राहायला चाललोय. माझ्या काखेतल्या फायलीचे तीन भाग आहेत: आम्ही दोघं नवराबायको, घर आणि गोट्या. गोट्या म्हणजे आमचा लॅब्रॅडॉर, वजन ३२ किलो. सगळ्यात जाड भाग त्याचा. आम्हा दोघांना आपण कोण, किती पैसेवाले आणि किती निरोगी एवढंच सिद्ध करायचंय. गोट्याला शिवाय आपण पिटबुल नाही हेही सिद्ध करायचंय, कारण पिटबुल टेरियर आणि अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर या जाती थायलंडमध्ये आणायला बंदी आहे. गोट्या घरफोड्यालाही शेपूट हलवून आत घेईल, पण हे कागदावर लागतं.

बहुतेक मंडळी आधी व्हिसा बघतात, मग तिकीट, मग घर. निघायला तीन आठवडे उरले की कुणीतरी सोफ्याखाली वाकून म्हणतं, "अगंबाई, आणि याचं काय?" हा क्रम साफ उलटा आहे. मुहूर्त कुत्र्याचा काढायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या मागून वऱ्हाडासारखं जायचं.

तर मुहूर्त. फेब्रुवारी ते एप्रिल चिआंग माई आणि उत्तर थायलंडमध्ये शेतं आणि जंगलं जळत असतात, धुराने समोरचा डोंगर दिसेनासा होतो. एप्रिलात देशभर उकाडा असतो, विमान कंपन्याही अशा उन्हात जनावरं घ्यायला कुरकुरतात, आणि १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान हा थाई नववर्षाचा सण, म्हणजे कचेऱ्या बंद आणि सगळा देश एकमेकांवर पाणी ओततोय. नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम. तिथून मागे मोजायचं.

सगळ्यात आधी ओळख पटवणारी चिप. तांदळाच्या दाण्याएवढी, मानेच्या कातडीखाली, पंधरा आकडी. ती बसवल्यावर रेबीजची लस, आणि लसीनंतर निदान २१ दिवस जाऊ द्यायचे. लस आधी आणि चिप नंतर केली, तर लस नेमक्या याच कुत्र्याला टोचली कशावरून, असा प्रश्न विचारायला कुणीही मोकळा राहतो. उत्तर द्यायला गोट्या पुढे येणार नाही. रेबीजखेरीज डिस्टेंपर, हेपटायटिस, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरोसिसच्या लसीही लागतात. आपल्याकडे डॉक्टर 'नाइन-इन-वन' म्हणून जी देतात तिच्यात हे सगळं असतं, पण पुस्तिकेत लेप्टोचं नाव वाचता येईल अशा अक्षरात लिहून घ्या. डॉक्टरांचं अक्षर हा आंतरराष्ट्रीय प्रश्न आहे.

मग थायलंडच्या पशुधन विभागाकडून आयात परवाना. या विभागाला थाई भाषेत 'पसुसत' म्हणतात. 'पशुसत्त्व' हा आपलाच शब्द, प्रवासात थोडा चेपलेला. विमानतळ सुवर्णभूमी, विभाग पशुसत्त्व, त्यामुळे पहिले दोन दिवस वाटतं की आपण संस्कृतच्या पेपराला आलोय, जमेल. पुढे अर्जात थायलंडमधला पत्ता विचारतात तेव्हा घाम फुटतो. पत्ता हवा तर घर हवं, घर हवं तर जाऊन बघायला हवं. यावर उतारा एकच: पहिले तीन आठवडे कुत्रा चालणाऱ्या हॉटेलात किंवा सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये खोली घ्यायची आणि तोच पत्ता द्यायचा. फोटो बघून वर्षाचा भाडेकरार करणारा माणूस फोटो बघून लग्न करणाऱ्यापेक्षा धाडसी म्हणायचा.

भारतातून निघताना केंद्र सरकारच्या पशु संगरोध केंद्राची, म्हणजे एक्यूसीएसची एनओसी लागते. ती प्रवासाच्या आदल्या आठवड्यात मिळते, आधी नाही. पासपोर्ट, तिकीट, लसीची पुस्तिका, डॉक्टरांचं प्रकृतिपत्र आणि खुद्द उमेदवार घेऊन जायचं. म्हणजे तिकिटाचे पैसे गेलेले, सामान बांधलेलं आणि कुत्र्याने मात्र ऐन वेळी खोकून चालणार नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांना आइस्क्रीम देत नाहीत, तसं आम्ही गोट्याला त्या आठवड्यात बिस्किटाच्या पुड्यापासून लांब ठेवणार आहोत.

आता क्रेट, म्हणजे कुत्र्याला विमानातून न्यायचा पिंजरा. क्रेटचं माप विमान कंपन्यांच्या आयाटा या संघटनेने ठरवून दिलंय. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, अधिक जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग, म्हणजे क्रेटची लांबी. खांद्यांची रुंदी दुप्पट केली की क्रेटची रुंदी. उभ्या कुत्र्याच्या डोक्यापर्यंत किंवा कानाच्या टोकापर्यंत, जे उंच असेल तिथपर्यंतची उंची, अधिक खालच्या गादीची जाडी, म्हणजे क्रेटची उंची. पग, पर्शियन मांजर असल्या चपट्या नाकवाल्यांना यात आणखी दहा टक्के जागा द्यायची. तरी पुष्कळ कंपन्या त्यांना घेतच नाहीत, कारण उन्हात त्यांचा श्वास अडकतो.

ऐकायला सोपं आहे. शिंप्याचा टेप घेऊन कुत्र्यासमोर बसा म्हणजे कळेल. टेप हे खेळणं आहे अशी गोट्याची ठाम समजूत आहे. नाकाला टेप लावला की नाक टेपमागे येतं, शेपटीचं मूळ शेपटीसकट फिरतं. तीन माणसं आणि चीजचे दोन तुकडे लागले. लांबी ८८, कोपर ३२. म्हणजे ८८ अधिक १६, बरोबर १०४ सेंटीमीटर. बाजारात मिळणारा मोठा क्रेट १०२ सेंटीमीटर लांब असतो, तोही बाहेरून.

या दोन सेंटीमीटरची किंमत सांगतो. हवाई मालवाहतुकीत खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांपैकी जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ६,००० ने भागायची. १०२ बाय ६९ बाय ७६ च्या क्रेटचं वजन भरतं ८९ किलो. त्यावरचा क्रेट १२२ बाय ८१ बाय ८९ चा. त्याचं वजन १४७ किलो. गोट्या ३२ किलोचाच, पण बिलावर जातो तो १४७ किलोंचा लॅब्रॅडॉर. शेपटीच्या मुळापाशी दोन सेंटीमीटर कमी असते तर ५८ किलो वाचले असते. लहान क्रेटमध्ये कोंबायचा मोह होतो, पण कुत्रा आत उभा राहून वळू शकला नाही तर काउंटरवरूनच परत पाठवतात, आणि योग्यच करतात.

आणखी बारकावे: क्रेटचे दोन भाग जोडायला प्लास्टिकच्या चिमट्यांऐवजी लोखंडी नटबोल्ट लावायचे, पाण्याची वाटी दार न उघडता बाहेरून भरता यायला हवी, हवेला चारही बाजूंनी झरोके हवेत. लहान विमानाच्या पोटाचं दार बुटकं असतं, मोठा क्रेट आत जातच नाही, तेव्हा तिकीट काढण्याआधी क्रेटचं माप कंपनीला कळवून लेखी होकार घ्यायचा. झोपेची गोळी द्यायची नाही. शेजारपाजारचे सगळे हाच सल्ला देतात, पण गुंगीत श्वास आणि तोल सांभाळणं जनावराला जड जातं, आणि गुंगीतलं जनावर कंपनी घेत नाही. त्यापेक्षा दोन महिने आधी क्रेट हॉलमध्ये आणून ठेवायचा, दार काढून टाकायचं आणि जेवण आत वाढायचं.

घराकडे वळू. परदेशी माणसाला थायलंडमध्ये जमीन विकत घेता येत नाही. कॉन्डोतला फ्लॅट घेता येतो, पण एका इमारतीतल्या फ्लॅटच्या एकूण क्षेत्रफळापैकी परदेश्यांच्या नावे ४९ टक्क्यांपर्यंतच. आम्ही भाड्यानेच राहणार, तेव्हा ही माहिती फक्त चुलतभावावर छाप पाडायला. भाड्याचा सर्वसाधारण रिवाज असा: दोन महिन्यांची अनामत, एक महिना आगाऊ, करार वर्षाचा. करारावर साल २५६९ दिसलं तर दचकायचं नाही, तिथे बुद्धाब्द चालतो. आपल्या सनात ५४३ मिळवायचे. शके १९४८ मध्ये पंचांग बघून क्रेट खरेदी करणाऱ्यांना हे जड जाऊ नये.

कॉन्डोमध्ये कुत्र्याला बहुतेक ठिकाणी मनाई असते. घरमालकीण फोनवर गोड हसून "चालेल" म्हणते, पण तिच्या चालण्याला अर्थ नाही. इमारतीचा कारभार 'निति' नावाच्या कार्यालयाकडे असतो. नीती हा शब्दही आपलाच, आणि कुत्र्याच्या बाबतीत ती कडक आहे. तेव्हा निति-कार्यालयाची नियमावली मागायची आणि कराराच्या मसुद्यात कुत्र्याची जात, वजन, नाव घालून घ्यायचं. जिथे कुत्रे चालतात तिथेही वजनाची अट असते. 'पेट फ्रेंडली' या दोन शब्दांच्या डोळ्यांसमोर एक चिहुआहुआ असतो. बँकॉक महानगरपालिकेच्या नियमावलीत तर जागेप्रमाणे प्राण्यांची संख्याच बांधली आहे: २० ते ८० चौरस मीटरच्या फ्लॅटमध्ये एक, त्याहून मोठ्यात दोन.

त्यामुळे ३२ किलोच्या कुत्र्याला कॉन्डोपेक्षा वसाहतीतलं कुंपणाचं घर बरं. तिथे जमीन 'वाह' मध्ये मोजतात. एक चौरस वाह म्हणजे ४ चौरस मीटर, तेव्हा २५ वाह म्हणजे आपला जवळजवळ एक गुंठा. चारशे वाहांचा एक राई, म्हणजे पावणेसोळा-सोळा गुंठे. घर बघताना कुंपणाच्या फटी बघा, गल्लीतले भटके कुत्रे किती आणि कुणाच्या दारात बसतात ते बघा, आणि अंगणातलं भूमिदेवतेचं देव्हाऱ्यासारखं घर बघा. एका खांबावरच्या या इवल्या घरापुढे फुलं आणि लाल फँटाची बाटली ठेवलेली असते. खांब, तोही अंगणात, आणि गोट्याची खांबांविषयीची आस्था मला ठाऊक आहे. त्याभोवती कुंड्यांची रांग लावायची, हे मी भाडं ठरवण्याआधीच फायलीत लिहून ठेवलंय.

विजेचा मीटर कुणाचा, हे विचारायला लाजू नका. सरकारी दर युनिटला ४ बाथच्या आसपास असतो, अपार्टमेंटचे मालक ७ ते ८ लावतात. कुत्र्यासाठी दुपारभर एसी चालला आणि महिन्याला ४०० युनिट पडले, तर १,६०० बाथच्या जागी २,८०० ते ३,२०० होतात. आत शिरायच्या दिवशी प्रत्येक भिंतीचा, दाराचा आणि गादीचा फोटो काढून मालकिणीला लगेच पाठवायचा. दारावरचे ओरखडे आधीच्या कुत्र्याचे की आपल्या, हे अनामत परत मागताना ठरतं. फोडणीचं काय, असं बायको विचारते. लहान कॉन्डोला सहसा वेगळं स्वयंपाकघर नसतं, इंडक्शनच्या शेजारीच पलंग, त्यामुळे हिंग-मोहरीचा वास उशीत राहायला येतो. घर घेण्याचं हे दुसरं कारण. मिक्सर २२० व्होल्टवर चालतो, पण आपली जाड तीन पिनांची प्लग तिथल्या भोकात जात नाही. अडॅप्टर इथूनच न्यायचा.

उरलो आम्ही. पन्नाशी उलटलेल्यांसाठी निवृत्तीचा ओ-ए व्हिसा असतो. ८ लाख बाथ बँकेत किंवा महिना ६५,००० बाथ पेन्शन, आरोग्य विमा, पोलिसांचा दाखला. पहिल्या वर्षी पैसे भारतातल्या खात्यात चालतात. तिथे मुदतवाढ घ्यायची तर ते तिथल्या खात्यात, निदान दोन महिने आधी हवेत. ८ लाख बाथ म्हणजे वीस लाखांच्या वर रुपये, आणि आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर बाहेर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. विवरणपत्रात तो वळता होतो, पण तोवर जीव टांगणीला. म्हणून निम्मे मार्चअखेर पाठवायचे आणि निम्मे एप्रिल लागल्यावर. दोन आर्थिक वर्षं, दोन मर्यादा, आणि टीसीएस फक्त वर उरलेल्या थोड्या रकमेवर.

तिथे पोचल्यावर घरमालकाने २४ तासांत टीएम ३० नावाचा फॉर्म भरून पाहुणा आल्याची वर्दी द्यायची असते. ती त्याने दिली का, हे आपणच विचारायचं, कारण पावतीवाचून पुढचं काम अडतं आपलं. देशाबाहेर जाण्याआधी री-एंट्री परमिट घ्यायचं, एकदाचं १,००० बाथ, अनेकदाचं ३,८००. विसरलात तर मुदतवाढ विमानतळावरच मेली. आणि दर ९० दिवसांनी 'मी इथेच राहतो' असं कळवायचं, पंधरा दिवस आधीपासून सात दिवस नंतरपर्यंत, चुकलं तर २,००० बाथ दंड. आपल्याकडे हयातीचा दाखला नोव्हेंबरात एकदा देतात. तिथे वर्षातून चारदा.

ओ-ए साठी डॉक्टरांचं पत्रही लागतं. कुष्ठरोग, क्षय, अमली पदार्थांचं व्यसन, हत्तीरोग आणि उपदंशाची तिसरी पायरी, यांतलं काही नाही असं त्यात लिहून हवं. आमच्या डॉक्टरांनी यादी दोनदा वाचली, चष्म्यावरून माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "हत्तीरोग नाही, लिहून देतो. बाकीचं तुमचं तुम्हाला माहीत. कुत्र्याचं झालं का?"

म्हटलं, त्याचं केव्हाच झालं. तो दोन आठवडे क्रेटमध्येच झोपतोय, आता बाहेर यायला तयार नाही.