पूर्वीही पडायचाच की!

परवा चिपळूणला गेले होते. बाजारपेठेत नानांच्या दुकानात नेहमीप्रमाणे आधी चहा, मग वाद. "अगं, पाऊस काय आज पडायला लागलाय? पूर्वीही पडायचाच की! तुमचा तो क्लायमेट चेंज म्हणजे साहेब लोकांची पळवाट."

यातलं निम्मं मला मान्य आहे. २२ जुलै २०२१ ला गाव बुडालं, आणि चिखल वाळायच्या आत भाषणांतून 'हवामान बदल' ऐकू यायला लागला. वाशिष्ठीत वर्षानुवर्षं साचलेला गाळ, पात्राला खेटून टाकलेले भराव, यावर मात्र अळीमिळी गुपचिळी. लोक उपोषणाला बसले तेव्हा कुठे गाळाला हात लागला. हात झटकायला विज्ञानाचं नाव घेतलं की लोकांना विज्ञानच खोटं वाटायला लागतं. व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डांपेक्षा हे कारण मोठं आहे, असं माझं मत.

पण उरलेलं निम्मं?

पूर्वीही पडायचा, खरंय. कसा पडायचा? पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली हिशोब मांडला: १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात, गुजरातपासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात, मोठ्या भागावर एकदम कोसळणारा अतिमुसळधार पाऊस तिप्पट झाला. आणि त्याच काळात तिथला मोसमाचा एकूण पाऊस घटला! म्हणजे झिमझिम गेली आणि धबधबा आला. पाऊस तोच असता तर असं झालं नसतं. अरबी समुद्र तापतोय, तिथून बाष्पाचे लोट येतात. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, हे तर एकोणिसाव्या शतकातलं भौतिकशास्त्र. तेव्हा कुठलं आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचं ते हवामान मंडळ, नि कुठलं काय.

"मग सूर्य तापला असेल." नाना हार मानत नाहीत. सूर्य तापला असता तर वातावरण खालपासून वरपर्यंत तापलं असतं. प्रत्यक्षात आपल्या डोक्यावरचा थर तापतोय आणि त्याच्याही वरचं स्थितांबर थंड होतंय. कार्बन डायऑक्साइड वाढला की नेमकं असंच होणार, हे हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मानाबे यांच्या १९६७ च्या गणितात आलेलं आहे. त्यांना नोबेल मिळालं २०२१ साली. हो, आमच्या पुराच्याच वर्षी.

"ज्यांना उद्याचा पाऊस सांगता येत नाही ते पन्नास वर्षांचं काय सांगणार?" हा नानांचा हुकमी एक्का. मी म्हटलं, नाना, अमुक तारखेला पाऊस येणार असं कुणी सांगितलं म्हणून तुम्ही घर शाकारायचात का? मृगाच्या आधी शाकारायचात, कारण ऋतू ठाऊक होता. रोजची हवा वेगळी आणि वर्षानुवर्षांचं ऋतुमान वेगळं.

एक गोष्ट मात्र मी त्यांना स्वतःहून सांगितली. ३० जुलै २०२४ ला वायनाडमध्ये दरड कोसळून शेकडो माणसं गेली. ज्या पावसाने ती कोसळली तो तापमानवाढीमुळे किती वाढला, हे 'वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन' या गटाने तपासलं. पृथ्वी तापलेली आणि न तापलेली, अशी दोन्ही जगं संगणकावर चालवून तुलना करतात. उत्तर आलं: सुमारे १० टक्के. शिवाय डोंगराळ मुलुखात आमच्या प्रारूपांची खात्री कमी आहे, हेही त्यांनीच लिहून ठेवलं. "फक्त दहा?" नाना हसले. फक्त दहा! पळवाट शोधणाऱ्याने शंभर सांगितले असते. आणि डोंगर आधीच पाणी पिऊन तट्ट फुगलेला असेल तर वरचे दहा कमी नसतात.

नाना काही बोलले नाहीत. मग दुकानातली वरची फळी दाखवली. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती, तिच्यावर चांगली दोन फूट अंतर सोडून त्यांनी ती ठोकून घेतली होती. २०२१ मध्ये ती मालासकट बुडाली.

"आता किती वर घेऊ, तेवढं तुझ्या शास्त्रज्ञांना विचारून सांग. सुतार सोमवारी येतोय."