औंढ्याच्या लायगोबद्दल: 'एक हिंगोलीकर' यांना उत्तर

नमस्कार दादा,

'एक हिंगोलीकर' अशी सही करून तुम्ही माझ्या लायगो-इंडियाच्या लेखाखाली जे लिहिलंत, ते मी तीनदा वाचलं. दोन ओळींत उरकण्यासारखं ते नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मूळ लेख न वाचलेल्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी (कृष्णविवरांच्या टकरीसारख्या घटनांनी अवकाशातच उठणारे तरंग) टिपणारी वेधशाळा होणार आहे, अमेरिकेतल्या दोन 'लायगो' वेधशाळांची धाकटी बहीण. तिच्यात जमीन आपली, २६०० कोटी आपले, यंत्र मात्र अमेरिकेचं आणि श्रेयही त्यांचंच. 'आंतरराष्ट्रीय सहकार्य' हे नुसतं गोंडस नाव. अग्निबाणाच्या क्रायोजेनिक (अतिथंड इंधनावर चालणाऱ्या) इंजिनाच्या वेळी याच अमेरिकेनं आपली अडवणूक केली होती. त्यापेक्षा पैसा क्वांटम तंत्रज्ञानात घाला. आणि शेवटी तुमची मुलगी. बी.एस्सी. फिजिक्स करून ती घरी बसली आहे, तिला या लहरींचा काय उपयोग?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. तो शेवटीच घेते.

यंत्र अमेरिकेचं, हे निम्मं खरं आहे. लेझर, प्रत्येकी ४० किलोचे काचेचे आरसे, ते टांगून ठेवणारी व्यवस्था हे सगळं तिकडून येणार आहे. त्यांच्या हॅनफर्डच्या वेधशाळेत दुसरं यंत्र उभारायचं म्हणून त्यांनी बनवलेला तो तिसरा संच, भारतासाठी साठवून ठेवलेला. पण चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा (लहर आली की यांची लांबी किंचित बदलते, तेच लेझरनं मोजायचं), इमारती आणि निर्वात यंत्रणा आपण करायची आहे. निर्वात यंत्रणा म्हणजे कुणाला नुसता पाइप वाटेल. अमेरिकेतल्या वेधशाळांत ती नळी सव्वा मीटरच्या आसपास रुंद आहे आणि आत हवेचा दाब बाहेरच्या दाबाच्या एक लाख कोटीव्या भागाइतका उरतो. आठ किलोमीटरच्या जोडकामात एका वेल्डिंगला केसाएवढी चीर राहिली तरी सगळं मुसळ केरात. हे काम गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र, पुण्याची आयुका ही खगोलशास्त्र संस्था आणि अणुऊर्जा विभागाचे अभियंते अंगावर घेताहेत.

मग अमेरिका तो संच देते तरी का? उपकार म्हणून नव्हे. त्यांचं अडलंय म्हणून. इथे भूगोल आपल्या बाजूने आहे.

रात्री तूर राखायला माळ्यावर बसलेला माणूस डुकराचा आवाज ऐकतो. एकटा असला तर 'आलंय' एवढंच कळतं. लांबलांबच्या तीन माळ्यांवर तिघं असले आणि कुणाला आधी, कुणाला मागाहून ऐकू आलं हे ताडून पाहिलं, तर बॅटरी नेमकी कुठे मारायची ते कळतं. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर आली तेव्हा दोनच राखणदार होते. अमेरिकेतल्याच लिव्हिंग्स्टनच्या वेधशाळेला ती आधी पोचली, हॅनफर्डला सुमारे सात मिलिसेकंदांनी. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली हे समजलं, पण आकाशात कुठे? उत्तर मिळालं ते सुमारे ६०० चौरस अंशांच्या पट्ट्याएवढं. त्यात पौर्णिमेचे तीन हजार चंद्र मावतील.

दोन वर्षांनी, ऑगस्ट २०१७ मध्ये, इटलीचं व्हर्गो यंत्र सामील झालं आणि १७ तारखेला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मेलेल्या ताऱ्यांच्या अतिघन गाभ्यांच्या) टकरीची लहर आली. त्या दिवशी व्हर्गोमध्ये संकेत फार क्षीण दिसला. त्या क्षीणपणातच उत्तर होतं: लहर व्हर्गोला नीट ऐकू न येणाऱ्या दिशेकडून आली होती. जागा २८ चौरस अंशांवर आली आणि अर्ध्या दिवसाच्या आत चिलीतल्या दुर्बिणीनं १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत तो नवा ठिपका टिपला. पुढे आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनंही त्या टकरीचा रेडिओ मागोवा घेतला. कुठलाही एक देश, कितीही श्रीमंत असो, हे एकट्यानं करू शकला नसता. अमेरिकेपासून इतक्या लांब, पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या अंगाला एक माळा हवा आहे. दुधाळा तो माळा आहे.

आता श्रेय. इथे मात्र मला तुमच्याशी भांडायचंय. गोंगाटातून लहर ओळखायची म्हणजे तिचा आकार आधी माहीत हवा. कृष्णविवराला धक्का बसला की ते कसं थरथरत शांत होतं, हे आपले शास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये गणितानं दाखवलं. जवळ येत जाणाऱ्या जोडगोळीच्या लहरीचं बारकाव्यांचं गणित बाला अय्यर यांनी बंगळूरहून फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर केलं. आणि अपेक्षित नमुने विदेवर (यंत्रानं नोंदवलेल्या डेटावर) सरकवत जुळणी शोधायची तर ते नमुने कसे निवडायचे, हे संजीव धुरंधर आणि सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये पुण्यात बसून मांडलं. तेव्हा लायगोची इमारतही उभी नव्हती. हे आपल्या पोरांना शाळेत कुणी सांगत नाही, ही मात्र आपलीच चूक.

खोडदलाही एकदा जाऊन या, नारायणगावपासून जवळ आहे. विज्ञान दिनाला लोकांसाठी खुलं असतं. मी मुलांना घेऊन गेले होते. ४५ मीटर व्यासाच्या तबकडीखाली उभं राहून वर पाहिलं तर तबकडीतून आकाश दिसतं, कारण ती पत्र्याची नाहीच. स्टीलच्या बारीक तारांची जाळी, दोरखंडांनी ताणून धरलेली. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही युक्ती. भक्कम पत्र्याचा खर्च परवडणार नव्हता आणि रेडिओ लहरींना बारीक भोकं दिसतच नाहीत. अशा तीस तबकड्या आपण आपल्या हातानं उभ्या केल्या, आणि आज परदेशी खगोलशास्त्रज्ञ तिथे वेळ मिळावा म्हणून अर्ज करतात. जून २०२३ मध्ये अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे जाहीर झाले, तेव्हा युरोपच्या चमूनं खोडदची निरीक्षणं सोबत घेतली. का? या लहरी पल्सारच्या, म्हणजे घड्याळासारखे रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्यांच्या, ठोक्यांवरून शोधतात, आणि ताऱ्यांमधल्या विरळ वायूमुळे ते ठोके उशिरा पोचतात. तो उशीर नेमका मोजायला कमी वारंवारतेची दुर्बीण लागते, ती आपल्याकडे आहे. पंक्तीला पान मांडून मिळतं ते असं, घरातून काहीतरी रांधून नेल्यावर.

क्रायोजेनिकचा मुद्दा मान्य. १९९३ मध्ये अमेरिकेच्या दबावापुढे रशियानं तंत्रज्ञान द्यायचं नाकारलं, तयार इंजिनं तेवढी दिली, आणि स्वतःचं इंजिन यशस्वी उडवायला आपल्याला जानेवारी २०१४ उजाडलं. भरवसा ठेवून गाफील राहू नये, हे शंभर टक्के खरं. अगदी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात त्यांच्या दोनपैकी एकच वेधशाळा चालवावी, असं सुचवलं गेलं. पण मला त्यातून उलटं दिसतं. एका देशाच्या तिजोरीवर हे शास्त्र उभं असेल तर ते एका सहीनं आडवं होईल. म्हणून ते इटलीत हवं, जपानमध्ये हवं, आपल्या मराठवाड्यातही हवं.

क्वांटमबद्दल थोडक्यात. लायगोला मंत्रिमंडळाची अंतिम मंजुरी ६ एप्रिल २०२३ ला मिळाली आणि त्याच महिन्याच्या १९ तारखेला ६००० कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला. एकाचं काढून दुसऱ्याला द्यावं अशा या गोष्टी नाहीत. अमेरिकेतल्या लायगोत २०१९ पासून 'दाबलेला' प्रकाश वापरतात, प्रकाशकणांच्या स्वाभाविक चुळबुळीला मुरड घालून. आरशांची प्रोटॉनहून शेकडो पटींनी लहान हालचाल त्याशिवाय अधिक बारकाईनं मोजता येत नाही. ते क्वांटम तंत्रज्ञानच आहे, आणि ते इथे हाताळायला मिळेल.

एका बाबतीत मात्र मी चुकले. 'हिंगोलीचं भाग्य उजळलं' असं मी लेखात लिहिलं होतं. ते वाक्य मी काढून टाकलं आहे. तत्त्वतः मंजुरी २०१६ ची आणि अंतिम २०२३ ची, मधली सात वर्षं फायलींत गेली. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या माणसाला कुणी परस्पर भाग्यवान ठरवू नये. शिवाय ही वेधशाळा गावकऱ्यांच्या साथीशिवाय चालणारच नाही. लिव्हिंग्स्टनला आगगाडीची आणि झाडतोडीची थरथर नडते. हॅनफर्डला २०१७ मध्ये विदेत विचित्र ठिपके दिसू लागले, शोधलं तर बाहेरच्या नळीवरचं बर्फ कावळे टोचत होते. इतक्या नाजूक यंत्राला शांतता देणारं गाव हे सहकार्यातला भागीदारच आहे, आणि त्याच्याशी भागीदारासारखं वागायला हवं. करारावर सह्या करणाऱ्यांनी दुधाळ्याच्या ग्रामसभेतही येऊन बसावं, असं मला मनापासून वाटतं.

आता तुमची लेक. नोकरीचं आश्वासन मी देऊ शकत नाही आणि खोटा धीर देणार नाही. पण एक गोष्ट तिच्या हातात आजच आहे. लायगोची विदा इंटरनेटवर सर्वांना फुकट आहे, आणि ती कशी हाताळायची याच्या कार्यशाळाही. आमच्या कॉलेजच्या संगणकावर मुलांनी त्या पहिल्या लहरीची ३२ सेकंदांची फाइल उतरवली होती. आधी पडद्यावर नुसता गिजबिज आलेख. गोंगाट गाळला, नमुना सरकवला, आणि एका जागी आलेख वर उसळला. मग तेच हेडफोनमध्ये ऐकलं. सेकंदाच्या पाचव्या भागाएवढा, खालून वर चढत जाणारा 'हूप' असा आवाज. जिनं तो आधी ऐकला ती वसमतजवळच्या हळदवाल्या शेतकऱ्याची मुलगी. तिनं हेडफोन काढलाच नाही, पुन्हा लाव म्हणाली.

मी परभणीला असते. लेकीला येत्या रविवारी अकराला घेऊन या. लॅपटॉप नसला तरी चालेल, आमच्याकडे आहे. बी.एस्सी.ची वही असेल तर तेवढी आणायला सांगा, फूरिये श्रेणीचं पान लागेल.