मालकाला एक थेंबही सोडू नका

भाड्याची गाडी घेऊन कोकणात निघालेल्या कोल्हापूरकरानं एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी. गाडी परत देताना टाकीत आपल्या पैशाचा एक थेंबही उरता कामा नये. तारकर्लीत पाच जणांनी मासळीच्या ताटांवर किती उडवले, ते कोणी विचारत नाही. पाण्याखालच्या फोटोचे वेगळे पैसे घेतले, तेही चालतं. पण आपलं अर्धा लिटर पेट्रोल गाडीमालकाच्या घशात गेलं, तर चार दिवस अन्न गोड लागत नाही. शेवटी तत्त्व म्हणून काही असतं की नाही? आणि तत्त्वासाठी माणसानं घाटात उभं राहायचीही तयारी ठेवली पाहिजे.

गाडी ताब्यात घेताना भाड्याच्या गाडीच्या काळ्या नंबरपाटीवरचे पिवळे आकडे बघून छाती जराशी फुगते, ती फुगू द्या. चारी बाजूंनी ओरखड्यांचे फोटो काढा. इंधनाच्या मीटरचा फोटो मात्र असा काढा की काचेत फक्त आपलंच तोंड दिसेल. मालक सांगतो, "जेवढं आहे तेवढं ठेवून द्या म्हणजे झालं." मीटरवर दोन काड्या असतात. आता टाकी ३७ लिटरची आणि मीटर आठ काड्यांचं असेल, तर एक काडी साडेचार लिटरच्या पुढं जाते. ती काडी नुकतीच चढलीय की पडायला टेकलीय, हे मीटर सांगत नाही. म्हणजे नुसत्या काड्या मोजून गाडी घेतली तर तिथंच चारशे रुपयांचं इकडचं तिकडं होऊ शकतं. पण असल्या मोठ्या रकमांत डोकं घालू नका. आपलं लक्ष अर्ध्या लिटरवरून हलता कामा नये.

गाडी पेट्रोलची की डिझेलची, हे विचारणं कमीपणाचं आहे. एकच मॉडेल दोन्हींत मिळतं आणि झाकणाच्या आत बहुतेकदा लिहिलेलंही असतं, पण वाचत बसायला आपण काय परीक्षेला बसलोय? तसंच झाकण कुठल्या बाजूला आहे तेही बघू नका. मीटरजवळच्या पंपाच्या चित्राशेजारी बारकासा बाण असतो. तो ज्या बाजूला, त्या बाजूला झाकण. हा बाण आयुष्यभर न बघता गाडी चालवणारी माणसं आहेत आणि ती सुखी आहेत. कोल्हापूर सोडताना फुलेवाडीच्या पंपावर उलट्या बाजूला गाडी लावा, मागच्या चार गाड्यांना हॉर्न वाजवू द्या, मग रिव्हर्स घ्या. झाकणाचा खटका सीटखाली, दाराशी, स्टिअरिंगखाली असा सगळीकडं चाचपा आणि जो हाताला लागेल तो ओढा. पंपावरचा पोरगा शांतपणे सांगेल, "सायेब, बॉनेट उघडलंय."

एवढं झाल्यावर टाकी फुल्ल करायचा मोह कुणालाही होईल. इथंच खरी कसोटी आहे. मागच्या सीटवरचा मित्र नेहमीप्रमाणं म्हणणार, "पाचशेचं टाक रं, पुढं पंप काय कमी हाईत?" त्याचं ऐका. सहलीला पैसे न काढणाऱ्या माणसाचा इंधनाचा अभ्यास फार दांडगा असतो. हाच मित्र एरवी आंबोलीला जाताना तुम्हाला निपाणीपर्यंत एकाही पंपावर थांबू देत नाही, कारण कर्नाटकात लिटरमागं चार पैसे वाचतात. कागल गेलं, कोगनोळी आली, लाल दिवा लागून जुना झाला, गाडीत कोणी बोलेना, तरी वाचणाऱ्या पैशांचा हिशेब त्याच्या तोंडी सुरूच.

गगनबावड्याहून कोकणात करूळ घाट उतरताना गाडी न्यूट्रल करा. आपल्या वाडवडिलांनी असंच पेट्रोल वाचवलं. इंजेक्शनवाल्या, म्हणजे हल्लीच्या, गाडीत गिअर ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तर उतारावर इंजिनाला जाणारं इंधन बंद होतं, आणि न्यूट्रल केलं तर मात्र इंजिन जिवंत ठेवायला ते चालू राहतं, म्हणे. असली माहिती मेकॅनिकला शोभते. फारच बचत करायची असेल तर इंजिनच बंद करा. मग ब्रेक एकदोनदा नीट लागतो आणि नंतर दगडासारखा घट्ट होतो. स्टिअरिंगही जड येतं, पण कोल्हापूरच्या मनगटाला त्याचं काय?

परतीचा प्रवास ही या शास्त्राची वरची इयत्ता. वैभववाडीला गाडीतला पडदा सांगतो, अजून ९० किलोमीटर जाईल. आता हा आकडा गाडी कसा काढते? आत्तापर्यंतचं ॲव्हरेज धरून. आणि आत्तापर्यंत तुम्ही कुठं होता? कणकवलीच्या सपाट हायवेवर, टॉप गिअरमध्ये. पुढं घाट चढायचाय, गाडीत पाच माणसं, डिकीत आमसुलं, सुके बांगडे, एसी फुल्ल, हे त्या बिचाऱ्या आकड्याच्या गावीही नसतं. तरी तो पंचांगातल्या मुहूर्तासारखा माना. दुसऱ्या गिअरात गाडी रडत वर चढेल आणि ९० चे बघता बघता ४० होतील. चढावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला सरकून मीटरवर एखादी काडी मध्येच वाढली, तर सगळ्यांना दाखवा. घाटात पेट्रोल वाढलं!

गगनबावड्याहून कोल्हापूर साधारण ५५ किलोमीटर. ४० मध्ये ५५ बसवायचे, एवढंच आता गणित उरतं. वाटेत पंप दिसला तर मान दुसरीकडं वळवा, कारण अजून एक काडी लुकलुकतेय आणि ती मालकाची आहे. हंगाम असेल तर पुढं उसाचा ट्रॅक्टर येणारच. मागं दोन ट्रॉल्या, रस्त्याच्या मधोमध, टेपवर कानठळ्या बसवणारं गाणं. कारखान्याकडं वळेपर्यंत त्याच्या मागून पहिल्या-दुसऱ्या गिअरात सरकत राहायचं. एसी बंद करू नका, लोक काय म्हणतील?

मग कळे गावाच्या अलीकडं कुठंतरी गाडी दोन गचके देते आणि थांबते. इथं काहीजण घाबरतात. घाबरायचं कशाला, हा मुलूख आपला आहे. पाच मिनिटांत सात माणसं जमतात.

"पेट्रोल संपलंय व्हय?"

"तसंच दिसतंय, काका."

"मग काटा बघितला न्हाई व्हय?"

याला उत्तर देऊ नका. गाडी भाड्याची आहे, एवढंच सांगा. सातही माना एकदम हलतात. काकांची मोटारसायकल जुनी, कार्बुरेटरवाली असली तर टाकीखालच्या कॉकची नळी उपसून ते बाटलीभर पेट्रोल काढून देतील. नवी इंजेक्शनवाली असली तर तिला कॉकच नसतो. मग त्यांच्या मागं बसून पंपावर जायचं आणि तिथला माणूस "प्लॅस्टिकच्या बाटलीत देता येत नाही" म्हणाला की त्याच्याशी हुज्जत घालायची. नियम जाळपोळ टाळण्यासाठी असतात, आपल्यासाठी नव्हे. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३ हा मदतीचा नंबर आहे. पण तो लावला तर शहाणपणा दिसतो. त्यापेक्षा गावाकडच्या मित्राला फोन करा, "भावा, कुठं हाईस?" तो निघाला म्हणतो, म्हणजे अजून अंघोळ करतोय.

गाडी डिझेलची निघाली तर मजा आणखी लांबते. नळ्यांत हवा शिरते, नुसतं डिझेल ओतून भागत नाही, हवा काढावी लागते. तोवर चावी फिरवत राहायचं, म्हणजे बॅटरीही बसते. पेट्रोलच्या गाडीत टाकीतला पंप पेट्रोलमध्येच बुडून थंड राहतो, कोरडा फिरवला की तापतो. तापू दे, पंप मालकाचा आहे. डिपॉझिट तेवढं आपलं.

अंधार पडता पडता फुलेवाडी येते. घाटातल्या हवेनं धीर सुटलेला असतो, त्यामुळं हात आपोआप खिशात जातो आणि तोंडातून निघतं, "दोन हजारचं टाका." गाडी मालकाच्या दारात लावाल तेव्हा मीटरवर चार काड्या असतात. मालक बॅटरीनं ओरखडे शोधत असताना त्याला हटकून सांगा, "घेताना दोन होत्या, दोन वर आहेत. त्यांचे पैसे तेवढे द्या."

तो म्हणेल, "ते आमच्यात नसतंय."