पडीक? मग भात कुठे पिकत होता?

कल्याणजवळच्या नेवाळी विमानतळावरचा लेख आवडला, पण 'युद्ध संपल्यावर ही जमीन पडीकच राहिली' हे वाक्य खटकलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२च्या सुमारास इंग्रजांनी ही जागा घेतली आणि धावपट्टी केली, इथवर ठीक. विमानं गेल्यावर जमीन मोकळी पडली नाही हो! आजूबाजूच्या गावांतले आगरी शेतकरी परत तिथे भात लावायला लागले. माझं आजोळ मलंगगडाच्या रस्त्याला. आजी भाताच्या लोंब्या घासून, दाणा दाताखाली फोडून बघायची आणि म्हणायची, "अजून एक ऊन पायजे." ते ऊन द्यायला भात धावपट्टीवर पसरायचा आणि कोंबड्या हाकलायला आम्हा पोरांना बसवायचं. तापलेल्या पट्टीवर अनवाणी पळताना पायाला बसलेले चटके आठवतात. सायकलही तिथेच शिकलो. पडलो की गुडघा सोलून निघायचा, ते वेगळं.

'पडीक' हा शब्द इथे साधा नाही. जमीन पडीक होती म्हटलं की कसणाऱ्याचा हक्कच उडतो, आणि भांडण नेमकं तेच आहे. जून २०१७ मध्ये नौदल याच जागेभोवती बांधत असलेल्या कुंपणभिंतीवरून शेतकऱ्यांचं आंदोलन पेटलं, गाड्या जळल्या. जाळपोळीचं समर्थन मी करणार नाही. पण लेखात त्याबद्दल एक ओळही नसावी? विमानतळ 'नामशेष' झाला तो विमानांपुरता. सातबाऱ्याच्या वादात तो अजून जिवंत आहे.