राजीनामा द्या, पण गोडीत हं

नोकरी सोडताय? वा! पेढे नंतर वाटा, आधी आरशासमोर उभं राहून हसायची प्रॅक्टिस करा कारण पुढचे ९० दिवस तेच करायचंय. मी नुकताच यातून बाहेर पडलोय, म्हणजे पडतोय, रिलिव्हिंग लेटर (कंपनीने मोकळं केल्याचं पत्र) अजून आलेलं नाही, तर म्हटलं तोवर जरा ज्ञान वाटावं.

मेलमध्ये खरं कारण अजिबात लिहू नका. "पर्सनल रीझन्स" लिहा आणि "इथे खूप शिकायला मिळालं" हे टाकाच. (मिळालंच की!)

मेल सोमवारी टाकू नका, सरांचा मूड जातो. शुक्रवारी टाकू नका, त्यांचा वीकेंड जातो. बुधवारी सॉफ्टवेअरचा रिलीज असतो. बाकी कधीही टाका.

मग सर तुम्हाला मीटिंग रूममध्ये नेतील, एसी वाढवतील आणि म्हणतील "अरे तू तर फॅमिली आहेस". इथे डोळ्यांत पाणी आणायचं. एप्रिलमध्ये हीच फॅमिली बजेट नाही म्हणत होती आणि आता मेल गेल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीस टक्के कुठून उगवले, हे विचारू नये. घरात पैशावरून बोलत नाहीत.

नोटीस पिरियड मात्र आनंदाने भरा. ९० दिवस! नवी कंपनी म्हणते तीस दिवसांत या, तिच्या स्वतःच्या लोकांना नोटीस किती तर ९०च, आणि आमच्याच कंपनीने माझ्या जागेची जाहिरात टाकली त्यात काय लिहिलं होतं माहितीये? "ओन्ली इमिजिएट जॉइनर्स". म्हणजे दुसऱ्यांची माणसं यांना उद्या सकाळी हवीत आणि आपलं माणूस तीन महिने डांबून ठेवायचं. बायआउट करतो म्हटलं, पदरचे पैसे भरतो, तर "प्रोजेक्ट क्रिटिकल आहे". इतका क्रिटिकल की पहिले ८० दिवस केटी घ्यायला, म्हणजे माझं काम समजून घ्यायला, कुणी माणूसच नाही, मी रोज हिंजवडीचं ट्रॅफिक तुडवत जायचो आणि चहा पिऊन परत यायचो, शेवटच्या आठवड्यात बेंचवरून, म्हणजे प्रोजेक्ट नसलेल्यांतून, एक पोरगं पाठवलं, बिचारं दुसऱ्याच टेक्नॉलॉजीचं, ते वहीत माझं बोलणं जसंच्या तसं उतरवून घेत होतं. आणि गेल्या वर्षी माझ्या शेजारच्याला काढलं तेव्हा? अकरा वाजता कॉल, जेवणाच्या आत लॉगिन बंद, सिक्युरिटीवाला पार्किंगपर्यंत सोडायला. तेव्हा कुठे गेली होती तुमची केटी? दोन तासांत उरकलंच ना सगळं?

असो. गोडीत म्हणालो होतो.

नो ड्यूज फॉर्मवर नऊ सह्या लागतात. त्यातली सातवी लायब्ररीची. लायब्ररी कोविडनंतर बंद झाली, तिथे आता कॅरम आहे. ॲडमिनला विचारलं तर म्हणे "सर, कॉलम आहे म्हणजे सही लागणार". तीन दिवस फिरलो, शेवटी ज्यांच्याकडे कॅरमच्या सोंगट्यांची चावी असते त्यांनी सही केली. त्यांचे आभार माना.

फेअरवेलच्या केकवर तुमचं नाव चुकेल. खा.

फुल अँड फायनलचा, म्हणजे शेवटच्या हिशोबाचा, विषय काढू नका, उद्धट दिसतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झालीये, राजीनामा देऊन गेलेल्याचा पगार कामाच्या दोन दिवसांत द्यायचा असं तिच्यात लिहिलंय. मी एचआरला नम्रपणे कळवलं. उत्तर आलं, "ॲज पर पॉलिसी, ४५ डेज". पीएफला एक्झिटची तारीखही भरली नाहीये, म्हणजे आता शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने थांबून मीच पोर्टलवर टाकायची.

नव्या ऑफिसात जॉइन होऊन पाच आठवडे झाले. तिथली एचआर मुलगी रोज विचारते, "सर, लेटर?" आणि मी रोज चोरासारखं तोंड करतो. मी का? सहा वर्षं काम केलंय तिथे. रात्री दोनला प्रॉडक्शन पडलं की फोन पहिल्या रिंगला उचललाय, आजीच्या तेराव्याला लॅपटॉप घेऊन बसलोय. लाज वाटत नाही का हो तुम्हाला? माणूस भांडून गेला नाही, पळून गेला नाही, ९० चे ९० दिवस भरून गेला, त्याला दारात ताटकळत ठेवता आणि त्याला प्रोसेस म्हणता. आणि सर, तुम्ही स्वतः मागच्या कंपनीच्या लेटरसाठी चार महिने रडत होतात, कॅन्टीनमध्ये तुम्हीच सांगितलंत.

एक पान आहे ते. टेम्प्लेट तुमच्याकडेच पडलंय, नाव आणि तारीख बदला आणि पाठवा.