मंगळ आडवा आला

माझ्या पत्रिकेत मंगळ नाही. तो सिडनीत लागला. घरापासून पंधरा मिनिटांवर, राइड उपनगराजवळ एक रान आहे, त्याचं नावच 'फील्ड ऑफ मार्स'. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथल्या जमिनी मरीन सैनिकांना वाटल्या, म्हणून रोमन युद्धदेवाचं नाव. शेजारी त्याच नावाचं कब्रस्तान. इतकी वर्षं राहून आम्हाला दोन्हींचा पत्ता नव्हता.

लेकाच्या हट्टापायी जिओकॅशिंग घरात शिरलं. कुणीतरी डबी लपवायची, अक्षांश-रेखांश जाहीर करायचे, आपण ती हुडकायची. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढली आणि लगेच एकाने ओरेगॉनमध्ये बादली अर्धवट पुरून ठेवली, तिथून हे सुरू. मला फडताळातला हिंगाचा डबा सापडत नाही.

फोन म्हणाला, चार मीटर. चार पावलं टाकली, तर नऊ मीटर. वर कूकाबुरा पक्षी खदखदला. ती हद्दीची आरोळी असते, हसू नव्हे, असं तज्ज्ञ सांगतात. तज्ज्ञ त्या दिवशी तिथे नव्हते.

तेवढ्यात दुर्बीणवाल्या एक आजी उगवल्या. न खेळणाऱ्याला या खेळात 'मगल' म्हणतात आणि मगलसमोर डबी काढायची नाही असा दंडक. मंगळाच्या मैदानात मगल!

"काही हरवलंय का?"

"किल्ल्या," मी ठोकून दिलं.

त्या माउलीने टोपी सारखी केली आणि गुडघे टेकून पाचोळा चाळायला घेतला. वीस मिनिटं. मीही चाळत होतो. वाकलो की खिशातल्या किल्ल्या वाजत, मग मी खोकत असे. शेवटी लेक खास त्यांना कळेल अशा इंग्रजीत म्हणाला, "बाबा, तुझ्या खिशात वाजतायत त्याच ना?"

आजी गेल्या. हसल्यासुद्धा नाहीत, हे जास्त लागलं.

डबी ओंडक्याच्या बेचक्यात होती. फिल्मच्या रिळाची काळी डबी, आत ओलसर कागदाची सुरळी. त्यावर सही केली तरच सापडली म्हणायचं. आणि पेन घरी.

समोर स्क्रिब्ली गमच्या पांढऱ्या खोडावर पतंगाच्या अळ्यांनी ऐसपैस रेघोट्या ओढलेल्या. अळीला जमतं.

मी पराठ्यांचा डबा उघडला, काडी लोणच्याच्या खारात बुडवली आणि सही ठोकली. शेवटच्या वेलांटीला एक मोहरी चिकटली. डबीत खायची वस्तू ठेवू नये असा नियम आहे, पण एकच होती.